पिकअप बदलायचा विचार करताय? आधी तक्रार लिहून काढा

इलेक्ट्रिक गिटार घेऊन वर्ष होत आलं की बहुतेकांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागतो: पिकअप, म्हणजे तारांची कंपनं विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, बदलू या. कोणीतरी व्हिडिओत स्वस्त गिटारला महागडा पिकअप बसवून आधीचा आणि नंतरचा आवाज ऐकवतो, आणि आपली गिटार एकदम केविलवाणी वाटू लागते. पिकअप बदलून फरक पडतो, त्यात वाद नाही. पण नेमकं काय बिघडलंय हे ठरवल्याशिवाय घेतलेला पिकअप म्हणजे नुसता खर्च. एका नामांकित अमेरिकन हंबकरच्या पैशात सुरुवातीची जवळपास अर्धी गिटार येते. म्हणून जरा दमानं घेऊ.

या लेखासाठी मी एक गिटार डोळ्यांसमोर ठेवली आहे. स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची, ब्रिजपाशी हंबकर (तांब्याच्या तारेच्या दोन कॉइलचा पिकअप), मधे आणि नेकपाशी सिंगल कॉइल (एकाच कॉइलचा). दुकानात हिला एचएसएस (हंबकर-सिंगल-सिंगल) म्हणतात. यामाहा पॅसिफिका किंवा स्क्वायरच्या काही गिटारी अशा असतात आणि आपल्याकडे नवख्यांच्या हातात बऱ्याचदा हीच रचना दिसते. तुमची गिटार वेगळी असली तरी कामाचा क्रम हाच राहील.

तक्रार नेमकी करा

‘टोन चांगला नाही’ ही तक्रार नव्हे. अ‍ॅम्प क्लीनवर ठेवा, बास, मिड, ट्रेबल मधोमध, सगळे इफेक्ट बंद, गिटारचे व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे. स्विचच्या पाचही जागांवर तोच तुकडा तितक्याच जोरानं वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग एरवी वापरता त्या डिस्टॉर्शनवर तेच पुन्हा. दुसऱ्या दिवशी ऐका आणि प्रत्येक जागेसमोर एक ओळ लिहा. ‘ब्रिज कानात टोचतो’, ‘नेकवर जाड तारांचे सूर एकमेकांत मिसळतात’, ‘डिस्टॉर्शनवर सूर टिकत नाही’, ‘मधल्या पिकअपवर गुणगुण’. नवा पिकअप निवडताना हा कागद कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

यातल्या गुणगुणीकडे थोडं थांबून बघायला हवं, कारण तिच्यापायी सर्वांत जास्त पैसे वाया जातात. आपली वीज ५० हर्ट्झची. तिचा आणि तिच्या पटींचा आवाज सिंगल कॉइल अँटेनासारखा उचलतं. गिटार हातात धरून जागेवर हळूहळू गोल फिरा. एका दिशेला गुणगुण वाढते आणि दुसरीकडे जवळजवळ जाते असं झालं, तर ती पिकअपच्या कॉइलमधून येते. हंबकर किंवा गुणगुण न करणारा सिंगल कॉइल घेतल्यावर ती जाईल. फिरून काही फरक पडला नाही, पण तारांना हात लावताच आवाज खूप कमी झाला, तर दोष बहुधा शील्डिंगचा आहे. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थला जोडायची, काम झालं. नवा पिकअप इथे काहीच करणार नाही.

आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर गिटार खाली ठेवा. तो टोनचा प्रश्नच नाही. घराचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण मागे अर्थची वायर नसते असं सर्रास आढळतं.

फुकटचे उपाय आधी

पहिला उपाय दोन स्क्रूंचा. पिकअपच्या दोन्ही टोकांना उंचीचे स्क्रू असतात आणि नव्या गिटारीत ते कसेही फिरवलेले असतात. जाड आणि बारीक अशा दोन्ही टोकांच्या तारा शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि तारेचा खालचा भाग ते पिकअपचा वरचा भाग हे अंतर मोजा. फेंडरची शिफारस जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलसाठी जाड तारेकडे सुमारे २.४ मिमी आणि बारीक तारेकडे २ मिमी आहे. हंबकरसाठी दोन्हीकडे साधारण १.६ मिमी. तिथून सुरुवात करून पाव-पाव फेरा फिरवत कानानं ठरवा.

सिंगल कॉइल तारेच्या फार जवळ गेलं की त्यातलं चुंबक तारेलाच ओढतं. वरच्या फ्रेट्सवर, विशेषतः जाड तारेवर, सूर डळमळतो आणि ट्यूनिंग काही केल्या बसत नाही. अशा वेळी लोक ट्यूनर बदलायला निघतात. उलट पिकअप थोडा खाली घेतला की आवाज किंचित कमी होतो, पण मोकळा होतो. टोचणाऱ्या ब्रिज हंबकरचा अर्धा त्रास मी असा जाताना बघितला आहे. हंबकरच्या पोलपीसना (तारांखालच्या लहान खांबांना) स्क्रू असतील, तर एखादी तार मागे पडत असेल तेवढा एकच स्क्रू वर घेता येतो.

दुसरा उपाय नव्या तारा. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत तारा लवकर गंजतात आणि मेलेल्या तारांवर कोणताही पिकअप मेलेलाच वाजतो. तिसरा उपाय केबल. लांब केबलमध्ये कपॅसिटन्स (वीज साठवण्याचा गुण) साठत जातो, मीटरमागे सुमारे शंभर पिकोफॅरड, आणि तो वरचे सूर खातो. दहा मीटरच्या स्वस्त केबलवर गिटार मंद वाटत असेल, तर मित्राची तीन मीटरची लावून बघा.

हे सगळं करून कागद पुन्हा वाचा. अजून तक्रार उरली असेल, तर पुढे.

आतमध्ये काय आहे ते बघा

गिटार न उघडता एक गोष्ट कळते. मल्टीमीटर २० किलोओमवर ठेवा, केबल गिटारमध्ये लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या प्लगचं टोक आणि दांडी यांमधला रोध मोजा. स्विच फिरवत प्रत्येक पिकअपचा आकडा मिळतो. व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा कमी-जास्त होणारा रोध) समांतर असल्यामुळे तो खऱ्यापेक्षा किंचित कमी दिसतो, पण अंदाजाला पुरतो. बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपवर मात्र ही युक्ती चालत नाही.

मग तारा सैल करून पिकगार्ड (पिकअप बसवलेली वरची प्लास्टिकची पाटी) उघडा. स्क्रू वाटीत ठेवा आणि काहीही हलवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. सिंगल कॉइल उलटा करून बघा. खाली एक-दोन काळसर आडव्या चुंबकपट्ट्या चिकटवलेल्या असतील, तर तो सिरॅमिक पिकअप आहे. वरून दिसणारे सहा खांब नुसतं लोखंड असतात. पट्टी नसेल आणि सहा खांब स्वतःच चुंबक असतील, तर तो अल्निको. स्वस्त गिटारींत बहुधा पहिला प्रकार निघतो. माझ्या मते या गिटारींत सर्वांत जास्त फरक देणारा बदल इथेच आहे, सिरॅमिक पट्टीच्या सिंगल कॉइलऐवजी अल्निको खांबांचा संच. लोक मात्र ब्रिज हंबकरच्या मागे लागतात, कारण त्याचीच जाहिरात जास्त दिसते.

मापं आत्ताच घ्या. पहिल्या आणि सहाव्या खांबांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. जुन्या गिब्सन धाटणीच्या हंबकरमध्ये ते साधारण ४९ ते ५० मिमी असतं. स्ट्रॅटसारख्या ब्रिजवर तारा जास्त पसरलेल्या असतात, म्हणून तिथे बसणारे रुंद हंबकर निघतात. पिकअप बनवणाऱ्या कंपन्यांपैकी डिमार्झिओ त्यांना एफ-स्पेस्ड म्हणते आणि सेमोर डंकन ट्रेमबकर. अरुंद हंबकर बसवला तर आवाज बंद पडत नाही, फरक बहुतेकांना ऐकूही येत नाही, पण तारा खांबांवर येत नाहीत हे रोज डोळ्यांना खुपतं. सिंगल कॉइलमध्ये हे अंतर ४८, ५० किंवा ५२ मिमी असू शकतं आणि जुनी प्लास्टिकची कव्हर वापरायची असतील, तर ते जुळलंच पाहिजे. पोकळीची खोलीही मोजा. लांब पायांचा हंबकर उथळ पोकळीत बसत नाही, आणि हे घरी आणल्यावर कळणं वाईट.

आकड्यांचा भूलभुलैया

प्रत्येक पिकअपच्या पानावर किलोओमचा आकडा ठळक असतो, आणि नवखा त्यालाच ताकद समजतो. तो आकडा म्हणजे वळलेल्या तांब्याच्या तारेचा रोध, बाकी काही नाही. तीच वेटोळी जरा बारीक तारेनं वळली, की रोध वाढतो आणि आवाज तेवढाच राहतो. ४२ गेजची तार जेमतेम ०.०६ मिमी जाड आणि ४३ गेजची त्याहून बारीक, तेव्हा वेगवेगळ्या तारांच्या पिकअपचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. त्यात तांब्याचा रोध तापमानानुसार बदलतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्के. एसीच्या खोलीत २० अंशांना ८ किलोओम दाखवणारा हंबकर नागपूरच्या मे महिन्यात ४० अंशांना ८.६ दाखवेल. आवाज मात्र तोच.

तरी एकाच घराण्यातल्या पिकअपची तुलना करायला आकडा उपयोगी आहे. जुन्या धाटणीचा स्ट्रॅट सिंगल कॉइल साडेपाच ते साडेसहा किलोओम, जुन्या धाटणीचा हंबकर सात ते नऊ. सेमोर डंकनचा लोकप्रिय जेबी सोळाच्या पुढे जातो. वेटोळी वाढली की आवाज मोठा होतो, पण त्याबरोबर इंडक्टन्सही (कॉइलचा बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) वाढतो. हा इंडक्टन्स आणि केबलचा कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक पट्ट्यात उठाव तयार करतात, बहुधा दोन ते पाच किलोहर्ट्झच्या दरम्यान. वेटोळी जितकी जास्त, तितका तो उठाव खाली सरकतो. म्हणून गरम, म्हणजे जास्त वेटोळ्यांचे, पिकअप जाड, मिडवर भर देणारे आणि जरा मंद वाजतात, आणि कमी वेटोळ्यांचे लखलखीत. पानावर इंडक्टन्स हेन्रीमध्ये दिला असेल, तर मी किलोओम सोडून तोच बघतो.

चुंबकाबद्दल थोडक्यात. अल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. अल्निको २ मऊ, जरा गोलसर. अल्निको ५ घट्ट, वरचे आणि खालचे सूर पुढे आणणारा. सिरॅमिक जोरकस आणि डिस्टॉर्शनवर नेमका. सिरॅमिक म्हणजे स्वस्त असं समजू नका, कित्येक उत्तम हेवी पिकअप सिरॅमिकच आहेत. स्वस्त गिटारीतल्या सिंगल कॉइलची कुचंबणा चुंबकामुळे कमी आणि त्यावरच्या लोखंडी खांबांमुळे जास्त होते.

निवड: तक्रारीवरून पिकअपकडे

कॅटलॉगमध्ये ‘पीएएफ’ ही अक्षरं सारखी दिसतील. गिब्सनमध्ये सेथ लव्हरनं गुणगुण मारणारा दुहेरी कॉइलचा पिकअप तयार केला. १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज गेला आणि १९५७ पासून तो गिटारींत लागला. सुरुवातीची काही वर्षं त्याच्या पाठीवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ (पेटंटसाठी अर्ज केला आहे) असं लेबल होतं, त्यावरून हे नाव. त्या काळातली वेटोळ्यांची मोजणी आजच्यासारखी काटेकोर नव्हती आणि हाती येईल त्या जातीचा अल्निको वापरला जाई, त्यामुळे एक पीएएफ दुसऱ्यासारखा नाही. तेव्हा एखादी कंपनी ‘अस्सल पीएएफ आवाज’ म्हणते तेव्हा कोणता पीएएफ, हा प्रश्न उरतोच. नवख्यानं एवढंच समजावं: मध्यम ताकदीचा, अल्निकोचा, मोकळा हंबकर. बदलून बसवायचा पिकअप हा धंदा मात्र बराच उशिरा सुरू झाला. डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन १९७२ चा, आणि सेमोर डंकन कंपनी १९७६ ची.

आता कागद काढा.

ब्रिज टोचतो, पण तुम्ही मुख्यतः क्लीन आणि हलक्या ओव्हरड्राइव्हवर वाजवता: मग आठ किलोओमच्या आसपासचा, अल्निको २ किंवा ५ चा पीएएफ धाटणीचा हंबकर घ्या. दुकानदार ‘जास्त पॉवर’चा पुढे करेल. घेऊ नका. आजचे अ‍ॅम्प आणि पेडल इतकं गेन देतात की पिकअपनं ताकद पुरवायची गरज क्वचितच असते. जास्त ताकदीचा पिकअप अ‍ॅम्पला सतत ढकलत राहतो, आणि मग क्लीन आवाज स्वच्छ राहत नाही, हीच तक्रार घेऊन पुन्हा दुकानात.

मेटल वाजवता आणि जाड तारांवरचे पाम म्यूट सैल वाटतात: इथे गरम पिकअपला अर्थ आहे. सुपर डिस्टॉर्शन, जेबी, किंवा अ‍ॅक्टिव्हमध्ये ईएमजी ८१. पण या तिघांना एका रांगेत धरू नका. जेबी वरच्या मिडमध्ये बोलतो, एचएसएस गिटारीत २५० किलोओमच्या पॉटवर तो बराच सुसह्य होतो. सुपर डिस्टॉर्शन जाड आणि भरीव. ईएमजी ८१ ला नऊ व्होल्टची बॅटरी, २५ किलोओमचे पॉट आणि बॅटरी बंद-चालू करणारा स्टिरिओ जॅक लागतो. तुमचे सिंगल कॉइल पॅसिव्हच ठेवून फक्त ब्रिजला ईएमजी टाकायचा बेत असेल तर सोडून द्या. २५ किलोओमच्या पॉटवर पॅसिव्ह पिकअप गुदमरतो, आणि मोठ्या पॉटवर ईएमजीचा व्हॉल्यूम नीट सरकत नाही. अ‍ॅक्टिव्ह घ्यायचा तर पूर्ण संच घ्या.

नेक गढूळ: इथे कमी वेटोळ्यांचा, उजळ पिकअप हवा. नेकपाशी तार जास्त रुंद हलते, त्यामुळे तिथला पिकअप मुळातच मोठा वाजतो. ब्रिजपाशी तार कमी हलते. म्हणून कंपन्या संचात नेकचा पिकअप कमी आणि ब्रिजचा जास्त वेटोळ्यांचा देतात. सुटे पिकअप घेताना ‘नेक’ आणि ‘ब्रिज’ ही अक्षरं मुकाट पाळा.

गुणगुणीनं जीव घेतलाय: ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. गणपतीच्या मंडपात एका बाजूला जनरेटर, दुसऱ्या बाजूला डिमर आणि डोक्यावर एलईडीच्या माळा असताना साधा सिंगल कॉइल नेकवर ठेवला, तर गाण्यांच्या मधल्या शांततेत फक्त तोच ऐकू येतो. यावर सिंगल कॉइलच्या मापातले दुहेरी पिकअप मिळतात. एकावर एक कॉइल ठेवलेले स्टॅक, किंवा शेजारी-शेजारी पट्ट्यांचे रेल. स्टॅक सिंगल कॉइलच्या जास्त जवळ वाजतो, रेल जवळजवळ हंबकरसारखा जाड. स्ट्रॅटची झणझणीत चव दोन्हींत थोडी कमी होते, पण एका रात्रीत लावणीपासून रॉकपर्यंत सगळं वाजवायचं असेल, तर मी न कुरकुरता स्टॅक घेईन. घरात, नीट अर्थिंग असलेल्या खोलीत वाजवणाऱ्यांनी मात्र साधा सिंगल कॉइलच ठेवावा.

अ‍ॅम्पसमोर उभं राहिलं की पिकअप किंचाळतो, आणि पिकअपवर नखानं टकटक केली तर ती स्पीकरमधून ऐकू येते: आतली वेटोळी सैल आहेत. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हॅलेननं स्ट्रॅटसारख्या बॉडीत बसवलेला गिब्सनचा हंबकर याच कारणासाठी पॅराफिन मेणात बुडवला होता. आज बहुतेक नवे पिकअप मेण भरूनच येतात. घरच्या गॅसवर मेण वितळवण्याचा प्रयोग करू नका, मेण जास्त तापलं तर बॉबिनचं (तार वळलेल्या रिळाचं) प्लास्टिक वितळतं आणि मेण पेटतंही.

स्वस्त हंबकरवर धातूचं कव्हर असेल, तर आणखी एक गोष्ट पाहा. पितळी कव्हर वरचे सूर दाबतं. चांगली कव्हर निकेल-सिल्व्हरची असतात. नवा हंबकर कव्हरसह घ्यायचा असेल, तर कव्हर कशाचं आहे ते विचारा.

पॉट आणि कपॅसिटर: स्वस्तात मोठा फरक

हा भाग सगळे गाळतात. पॉट पूर्ण उघडा असतानाही पिकअपवर भार टाकत असतो. २५० किलोओमचा पॉट वरचे सूर थोडे खाली आणतो, ५०० चा तसेच ठेवतो. म्हणून सिंगल कॉइलला २५० आणि हंबकरला ५०० अशी जुनी प्रथा आहे. गिटारीत एकच व्हॉल्यूम आणि दोन्ही प्रकारचे पिकअप असतील तर अडचण होते. एक जुनी युक्ती चांगली चालते. व्हॉल्यूम पॉट ५०० चा लावा आणि स्विचपाशी सिंगल कॉइलच्या वायरीवरून अर्थला ४७० किलोओमचा एक रेझिस्टर जोडा. सिंगल कॉइलला सुमारे २४० किलोओमचा भार दिसतो, हंबकरला पूर्ण ५००.

जुन्या पॉटच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचा. ‘ए’ म्हणजे लॉगरिदमिक, ‘बी’ म्हणजे सरळ रेषेतला. ‘बी’चा व्हॉल्यूम शेवटच्या थोड्या भागातच एकदम पडतो असं कानाला वाटतं. टोनसाठी कपॅसिटर सिंगल कॉइलला ०.०४७ आणि हंबकरला ०.०२२ मायक्रोफॅरड, हे नेहमीचं गणित. पूर्ण उघड्या टोनवर कपॅसिटरच्या जातीनं आवाज बदलतो असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका, आकडा जुळला की बस.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत पॉट, कपॅसिटर, रेझिस्टर, सोल्डर सगळं मिळतं, पण पॉटचं माप घेऊन जा. आयात अमेरिकन पॉटची दांडी जाड असते आणि आशियाई गिटारीच्या भोकात ती शिरत नाही. नॉबही बसत नाही. पिकगार्डला भोक मोठं करायची तयारी नसेल, तर त्याच मापाचा लहान पॉट घ्या.

पिकअप कुठून घ्यायचा? धोबी तलावला फर्टाडोससारखी वाद्यांची दुकानं आहेत, ऑनलाइन विक्रेतेही बरेच. अर्ध्याहून कमी भावात ईएमजी किंवा सेमोर डंकन दिसला तर तो नकली समजा. या दोन्हींच्या नकला बाजारात भरपूर आहेत. त्यापेक्षा आर्टेक किंवा विल्किन्सनसारखा प्रामाणिक स्वस्त पिकअप कितीतरी चांगला. आणि अमेरिकेतला भाऊ दिवाळीला येणार असेल, तर त्याच्या बॅगेत एक हंबकर सहज मावतो.

वायरी आणि फेज

हंबकर घेताना चार वायरींचा घ्या, तेच पुढे उपयोगाला येतं. एका वायरीच्या हंबकरमध्ये एक कॉइल बंद करून सिंगल कॉइलसारखा आवाज काढता येत नाही. रंगांचा अर्थ मात्र कंपनीगणिक बदलतो. सेमोर डंकनमध्ये काळी वायर सिग्नलची, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून टेप लावायची, हिरवी आणि उघडी वायर अर्थला. डिमार्झिओत लाल सिग्नलची, काळी आणि पांढरी एकमेकींना, हिरवी आणि उघडी अर्थला. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा असेल तर सोबतचा कागद टाकू नका.

मधला सिंगल कॉइल बऱ्याच संचांत उलट वळलेला आणि उलट चुंबकाचा असतो, त्यामुळे स्विचच्या ज्या जागी तो नेकच्या सिंगल कॉइलबरोबर वाजतो तिथे गुणगुण जाते. तुम्ही फक्त मधला पिकअप बदललात, तर ही सोय हरवू शकते. होकायंत्र वरून जवळ धरून सुईचं कोणतं टोक ओढलं जातं ते बघा. शेजारच्या पिकअपपेक्षा उलटं टोक ओढलं जायला हवं.

वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र केले की कधीकधी दोन्ही एकदम चालू केल्यावर आवाज बारीक, नाकातला आणि कमी येतो. ते फेजबाहेर आहेत, म्हणजे एकाचा सिग्नल वर जाताना दुसऱ्याचा खाली जातो. सिंगल कॉइल असेल तर त्याच्या दोन वायरी अदलाबदल करा. मात्र धातूचं कव्हर असेल तर त्याला जोडलेली अर्थ आधी वेगळी करावी लागते. चार वायरींच्या हंबकरमध्ये सिग्नल आणि हिरवी यांची अदलाबदल करा, उघडी वायर अर्थलाच ठेवा. बसवण्याआधीच तपासायचं असेल तर मल्टीमीटर पिकअपला जोडा आणि लोखंडी स्क्रूड्रायव्हर खांबावर ठेवून झटकन उचला. आकडा क्षणभर वर किंवा खाली उडी मारतो. सगळ्या पिकअपवर उडी एकाच दिशेला असेल तर ते फेजमध्ये आहेत.

बसवणं

४० वॅटच्या आसपासचा सोल्डरिंग आयर्न, आत फ्लक्स असलेलं ६०/४० सोल्डर, वायर कापायची कात्री आणि टेप एवढ्यात काम होतं. पहिल्यांदाच हातात आयर्न घेत असाल, तर फुटक्या रेडिओच्या पॉटवर आधी सराव करा. पंचवीस वॅटच्या लहान आयर्ननं पॉटची पाठ तापत नाही, मग माणूस तो तासभर टेकवून ठेवतो आणि पॉटच आतून जळतो. गरम टोक, दोन-तीन सेकंद, बाजूला. फुंकर मारू नका. जोड चकचकीत दिसला पाहिजे. खडबडीत आणि करडा दिसला तर पुन्हा करा. खिडकी उघडी ठेवा आणि काम झालं की हात धुवा, सोल्डरमध्ये शिसं असतं.

जुन्या पिकअपच्या वायरी पॉटपासून सोल्डर वितळवून काढा, कात्रीनं तोडू नका. एकदम तिन्ही पिकअप काढायचा मोह टाळा. एक काढा, एक बसवा, केबल लावून स्क्रूड्रायव्हरनं टकटक करून आवाज येतो का बघा, मग पुढचा. ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर तुटली नाही ना, हे पिकगार्ड लावण्याआधी नक्की बघा. ती तुटली की गुणगुण दुप्पट होते, आणि दोष नव्या पिकअपवर येतो.

हे सगळं नको वाटत असेल तर कारागिराकडे द्या, त्यात कमीपणा नाही. पण पॉटचे आकडे आणि वायरींचे रंग चिठ्ठीवर लिहून द्या.

बसवल्यावर

तारा नव्या लावा, उंची पुन्हा शून्यापासून मोजा. जुन्या पिकअपची उंची नव्याला लागू नाही. मग पहिल्यासारखंच रेकॉर्ड करा, तोच तुकडा, त्याच जागा, अ‍ॅम्पचे तेच नॉब. ऐकताना दोन्ही रेकॉर्डिंगचा आवाज सारखा करून घ्या, कारण जास्त मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त चांगला वाटतो आणि गरम पिकअप तिथेच बाजी मारून जातो. आठवडाभर वाजवून उंची दोन-तीनदा बदलून बघा, मगच मत बनवा.

जुने पिकअप कव्हरसह एका डबीत ठेवा आणि वर कोणता कुठला ते लिहा. गिटार विकायची वेळ आली की नव्या पिकअपचे वेगळे पैसे कोणी देत नाही. तेव्हा जुने परत बसवा, आणि नवे पुढच्या गिटारीसाठी काढून घ्या.